जनाने बरोबर मिसळलं होतं

हे वाक्य मी आजवर एकदाही तोंडातून काढलेलं नाही — जनाने बरोबर मिसळलं होतं. लिहितानासुद्धा हात मागे येतो आहे. नवऱ्याला ठाऊक नाही, मुलीला ठाऊक नाही, आणि जिला माझ्या संसारातल्या सगळ्या फाटक्या जागा माहीत आहेत त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही उद्या मला जिन्यात भेटणार नाही. भेटणार असतात तर मी आत्ताही गप्पच बसले असते. इतकी भित्री मी आहे, हे सुरुवातीलाच समजून घ्या.

कुठून सुरू करू? डुकरांपासून करते. ते मला सोपं जातं.

मी पशुआहाराचं शिकले आणि बावीस वर्षं जनावरांच्या खाद्यात घालायच्या पावडरी विकल्या. विकल्या म्हणजे — त्या कशा वापरायच्या ते फार्मवर जाऊन शिकवलं. आधी कोंबड्या, मग गाई, शेवटी डुकरं. सकाळी खांदा कॉलनीतून स्कूटर काढायची, पायात गमबूट, डिकीत नमुन्यांच्या पिशव्या. लोक मला डॉक्टर मॅडम म्हणायचे. मी डॉक्टर नाही, पण कुणाला कधी दुरुस्त केलं नाही. हा अपराध लहान आहे, सोडून द्या.

डुक्कर हा गरीब प्राणी आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा गर्दी झालेल्या कप्प्यात उभं राहून बघावं. एकाच्या शेपटीला जखम झाली, रक्ताचा वास सुटला, की बाकीचे त्या शेपटीवर तुटून पडतात. शेपूट संपली की मागचं मांस. ढुंगण अर्धं खाल्लेलं डुक्कर मी जिवंत उभं असलेलं पाहिलं आहे, आणि त्याला खाणारे बाजूला शांतपणे तोंड हलवत होते. पहिल्यांदा मला उलटी झाली. नंतर मी लोखंडी पाइप घेऊन आत शिरायला शिकले. नाकाडावर हाणला की मागे हटतात. मला ते जमायला लागलं — आणि खरं सांगू? आवडायलाही लागलं. एकदा उगारलेला हात हाणल्याशिवाय खाली घ्यायचा नाही, ही सवय मला तिथे लागली. ही सबब नाही. हात कसा तयार झाला एवढंच सांगते आहे.

नेरे गावाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी दिगूशेठचा फार्म होता. पनवेलच्या बाजारात त्याचं हार्डवेअरचं दुकान, आणि डुकरं ही त्याची हौस म्हणा किंवा खाज म्हणा. शेड धुतली की सगळी घाण एका खड्ड्यात जायची, खड्डा भरला की बांधावरून ओहोळात, आणि ओहोळ सरळ खालच्या तलावात. तो तलाव काशीनाथने घेतला होता. काशीनाथ उरणकडचा कोळी, साठीचा. खाडीत भराव पडला, मासळी गेली, दोन्ही मुलांची बंदरावरची कामं टिकली नाहीत, म्हणून हा दर्यातला माणूस डोंगराखाली येऊन गोड्या पाण्यात रोहू आणि कटला वाढवत बसला होता. मला त्याच्याकडे बघून नेहमी वाटायचं की हा कुठल्या तरी परक्या घरात पाहुणा म्हणून राहतो आहे.

त्या वर्षी उन्हाळ्यात तलाव हिरवा पडला. थोडे मासे मेले. काशीनाथ दोन्ही मुलांना घेऊन वर फार्मवर आला, मुलांच्या हातात कोयते होते, आणि दिगूशेठने आतून कुदळीचा दांडा आणला. मी योगायोगाने तिथे होते. मधे पडले. मोठ्या ऐटीत पडले. म्हणाले, घाण पडायची तेवढी पडेल, पण तिच्यातलं जे पाण्याला बाधतं ते मी कमी करून दाखवते, खाद्यातच एक पावडर घालून. मला दिवाळीपर्यंत वेळ द्या. दिवाळीनंतर काशीनाथ मासे काढणार होता.

काशीनाथ माझ्याकडे वळला. "बाय, खाडी गेली," तो म्हणाला. "आता तलाव गेला तं आमी जायाचा कुटं?" मग मुलांच्या हातातले कोयते त्याने स्वतः काढून घेतले आणि तिघे खाली उतरले. त्याने माझा शब्द धरला होता.

आता दोन मिनिटं शाळा घेते, कारण याशिवाय पुढचं कळणार नाही. मका, सोयाबीन, भाताचा कोंडा — यांत फॉस्फरस, म्हणजे आपले शेतकरी ज्याला स्फुरद म्हणतात ते, भरपूर असतं. पण ते कुलूपबंद असतं आणि डुकराच्या पोटात त्याची किल्ली नसते. दाणा खाल्ला की त्यातलं बरंचसं स्फुरद जसंच्या तसं मागून बाहेर. मग हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आम्ही वरून एक पांढरी खनिज पावडर घालतो, आणि तिच्यातलंही उरलंसुरलं बाहेर पडतं. हे पाण्यात गेलं की शेवाळ माजतं, शेवाळ रात्रभर पाण्यातली हवा पिऊन टाकतं आणि मासे गुदमरतात. माझी नवी पावडर म्हणजे ती किल्ली होती. ती घातली की दाण्यातलं स्फुरद डुकराच्या अंगी लागतं.

पण — आणि सगळं या ‘पण’मध्येच आहे — किल्ली दिली की पांढरी पावडर कमी करावी लागते. निम्म्याच्याही खाली. तशीच ठेवली, तर दाण्यातलं कुलूप उघडतं, वरून पांढरीही येते, डुकराला एवढं नकोच असतं, आणि जे बाहेर पडतं ते पाण्यात चटकन विरघळणारं असतं. म्हणजे आधीचं परवडलं असं होतं. हे मला माहीत नव्हतं का? मी हे इतरांना शिकवत होते हो.

खाद्य कालवायचं काम जनार्दनकडे होतं. सगळे त्याला जना म्हणत. तिथल्याच गावचा, चाळिशीचा, अंगाने काटक, बोलायला कमी. त्याला आकडे वाचता यायचे, अक्षरं जेमतेम. म्हणून आम्ही दोघांनी एक पद्धत बसवली होती. सगळ्या गोण्या भिंतीला लागून ठरलेल्या क्रमाने ठेवायच्या — पहिली मका, दुसरा कोंडा, असं करत सातवी ती पांढरी पावडर. कागदावर मी फक्त क्रमांक आणि माप लिहायची. सातवी, दोन डबे. जना डाव्या टोकापासून पंगतीला वाढत जावं तसा पुढे सरकायचा, प्रत्येक मापाला भिंतीवर कोळशाची एक रेघ ओढायचा, आणि मग फावड्याने तीन वेळा उलटासुलटा ढीग फिरवायचा. मी लपून पाहिलं आहे त्याला. माझं लक्ष नाही असं समजूनही तो दोन वेळांवर भागवायचा नाही.

नवी पावडर आली तेव्हा मी ती ओळीच्या टोकाला ठेवली. आठवी. कागदाच्या तळाशी आठवी ओळ लिहिली आणि पेन खिशात घातलं. सातवीला हात लावला नाही.

का? विसरले. याहून मोठं कारण नाही, शोधून पाहिलं. आमच्या धंद्याला घालायची सवय आहे, काढायची नाही. इतक्या वर्षांत मी किती कागदांना खाली एक-एक ओळ जोडली असेल, वरची ओळ खोडल्याचं फारसं आठवत नाही. पण थांबा, विसरले म्हणून सुटका होत नाही. त्या दिवशी मी जनाला ऐटीत समजावून सांगितलं होतं, कुलूप आणि किल्ली, तुम्हाला सांगितलं तसंच. त्याने नीट ऐकलं, सातव्या गोणीकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, ही नवी जर मक्यातलाच सोडवून देतंय, तं सातवी तेवडीच कशाला?"

ऐकलंत? ज्याला अक्षरं लागत नव्हती त्याला ते एका फटक्यात कळलं होतं. मी काय केलं? मागे दिगूशेठ उभा होता. मी म्हणाले, कागदावर आहे तेवढं कर, डोकं चालवायचं काम माझं आहे. दिगूशेठ हसला. जनाही हसला, आणि कोळशाचा तुकडा उचलून कामाला लागला.

पुढे अडीच महिने मी दर आठवड्याला घाणीचे नमुने गोळा करत होते. पिशव्यांत भरून घरच्या फ्रीजरमध्ये, मटारच्या मागे. नवरा रोज शिव्या घालायचा. नमुने तपासायला गेले आणि नवरात्राच्या तोंडावर एका दुपारी अहवाल फोनवर आला. मी भेंडी चिरत होते. हात पुसून वाचला. एकूण स्फुरद कमी झालेलं नव्हतं आणि विरघळणारं तर वाढलं होतं. मला एक क्षणही लागला नाही. सातवी ओळ डोळ्यांपुढे उभी राहिली — दोन डबे, माझ्याच अक्षरात — आणि पाठोपाठ जनाचा प्रश्न.

मी दिगूशेठला फोन लावायला घेतला. नाव काढलं. अंगठा त्यावर धरला. काय सांगणार होते? माझी चूक झाली, तुमच्या माणसाला ती दिसली होती, मी त्याला गप्प केलं? एवढंच तर सांगायचं होतं. एक वाक्य. सातवी गोणी बंद करा — यात चुकीचं नावही घ्यायची गरज नव्हती. पण शेठ ‘का?’ म्हणून विचारील, ही भीती. मी फोन ठेवला आणि भेंडी फोडणीला टाकली.

ठरवलं की पुढच्या सोमवारी नेहमीसारखी फेरी आहेच, तेव्हा गुपचूप नवा कागद लावू. आठ दिवस होते मधे. आठ दिवस रोज दोन वेळा खाद्य कालवलं गेलं, डुकरांनी खाल्लं, शेड धुतली गेली, आणि खड्डा वाहत राहिला. पाऊस उघडला होता, ऊन तापलं होतं, वारा पडलेला. तलावाला याहून वाईट हवा नसते, हेही मला ठाऊक होतं. मी काय केलं त्या आठ दिवसांत? मुलीचा घागरा उसवून मोठा केला. दोन वेळा केस धुतले. मला हे सगळं आठवतं, म्हणजे मी बेशुद्ध नव्हते.

सोमवार उजाडायच्या आधीच, रविवारी सकाळी सातला दिगूशेठचा फोन आला. आधी शिवी आली, मग शब्द. मी पोचले तेव्हा ऊन वर आलं होतं. वास आधी आला, तलाव नंतर दिसला. पाणी दिसतच नव्हतं म्हणा. एकाला एक चिकटून पांढरी पोटं, काही अजून तोंडं वर काढून हवा गिळत होते. मोठे, पोसलेले मासे. काशीनाथ कमरेइतक्या पाण्यात उभा होता आणि जे हलत होते त्यांना उचलून बादलीत टाकत होता. एकेक मासा बादलीत दोनदा फडफडायचा आणि थांबायचा. तरी तो उचलत राहिला.

मग तो बाहेर आला आणि कुणाशी काही न बोलता चढ चढून फार्मच्या अंगणात आला. मी आणि दिगूशेठ मागोमाग. त्याने दिगूशेठच्या शर्टाची गळपट्टी धरली. दोन्ही मुलं मागे. या वेळी त्यांच्या हातात काही नव्हतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. डुकरांचं सकाळचं खाद्य राहिलं होतं, त्यामुळे आत सगळी शेड किंचाळत होती. उपाशी डुकरं ओरडतात तेव्हा माणसाला शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. दिगूशेठ माझ्याकडे बोट करून ओरडला, "मला काय विचारता? हिला विचारा. मॅडम, सरळ सांगा, चूक कोणाची?"

सगळे माझ्याकडे वळले. हा तो क्षण. मी तो पुष्कळ वेळा मनात पुन्हा मांडून पाहिला आहे, वेगवेगळ्या तऱ्हांनी, आणि प्रत्येक वेळी त्यात माझ्याकडे पुरेसा वेळ होता. कुणी माझा गळा धरला नव्हता. मला कुणी मारलं नसतं, बाईमाणूस म्हणून. शिव्या पडल्या असत्या, नोकरी गेली असती कदाचित. बस.

मी म्हणाले, "पावडर बरोबर आहे. मिसळणारा चुकला."

जना शेडच्या दारात उभा होता, हातात फावडं. त्याला आधी कळलंच नाही की हे त्याच्याबद्दल आहे. मग त्याने फावडं भिंतीला टेकवलं आणि खाद्याच्या खोलीत धावत गेला. मला कळलं तो कशाला गेला आहे. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात माझा कागद होता, भिंतीवरून काढताना कोपरा फाटलेला. सरळ माझ्यापुढे आला. चिडला नव्हता तो. उलट त्याच्या चेहऱ्यावर एक प्रकारचा भरवसा होता, की आता मॅडम बघतील आणि सगळं मिटेल. "मॅडम, तुमी लिवलाय तसाच टाकलाय मी. कमी नाय, जास्त नाय. बगा ना कागद. सातवी दोन डबं."

काशीनाथ कागदाकडे बघत होता. त्याच्या धाकट्या मुलाला वाचता येत होतं. त्याने हात पुढे केला.

इथपर्यंत मी तुम्हाला विसरभोळी आणि खोटारडी बाई म्हणून दिसले असेन. तेवढ्यावर थांबावं असा मोह आता या घडीलाही होतो आहे. माराबद्दल सांगताना मी स्वतःशीसुद्धा नेहमी असंच सांगत आले — की त्यांनी त्याला मारलं. त्यांनी. गावातही तेच बोललं गेलं, आणि ते खोटं नाही. फक्त त्याच्या आधी एक गोष्ट झाली होती.

मी डाव्या हाताने तो कागद हिसकावला आणि उजव्या हाताने जनाच्या कानाखाली मारली. पहिला हात माझा होता.

जीव खाऊन मारली. थप्पड नव्हती ती, तळव्याचा जाड भाग कानावर बसला. डुकराच्या नाकाडावर पाइप बसतो तसा तो खांद्यापर्यंत जाणवला. त्याची मान फिरली. त्याने माझ्याकडे पाहिलं, ओठ हलले, बहुतेक मॅडमच म्हणाला. आणि मी दुसऱ्यांदा मारली. पहिली घाबरून मारली असं म्हणता येईल. दुसरी का मारली? कारण तो मॅडम म्हणाला. कारण तो माझ्याकडे असा बघत होता. कारण त्या क्षणी मला त्याचा खरोखरचा संताप आला होता — त्याने बरोबर का केलं, एकदा तरी चुकायला काय झालं होतं त्याला?

बस, तेवढं पुरलं. शिकल्यासवरल्या बाईने दोनदा हात उचलला म्हणजे माणूस नक्कीच दोषी, याला आणखी पुरावा कशाला हवा? धाकट्या मुलाचा कागदासाठी पुढे केलेला हात मुठीत बदलला आणि जनाच्या तोंडावर बसला. मोठ्या मुलाने त्याला केसांना धरून खाली आणलं. दिगूशेठने लाथ घातली, बरगड्यांत, पुन्हा पुन्हा. स्वतःची गळपट्टी सुटल्याचा आनंद होता त्या लाथांत. जना जमिनीवर गोळा झाला होता, हात डोक्यावर. मोठ्या मुलाने भिंतीला टेकवलेलं फावडं घेतलं — जनाचंच — आणि दांड्याने त्याच्या हातांवर घाव घातले. उजवा हात डोक्यावरून सुटून खडीवर पडला तेव्हा त्याने त्या हातावर मारलं, बोटांवर, एकाच जागी. आवाज आला. शेडमधल्या किंचाळण्यातूनही तो मला ऐकू आला.

मी कुठे होते? तीन पावलांवर. कागद मुठीत होता आणि मी तो घट्ट, आणखी घट्ट चुरगळत होते. मला काय वाटत होतं ते सांगू का? मला सुटल्यासारखं वाटत होतं. प्रत्येक फटक्यासरशी ती चूक त्याच्या अंगात जास्त खोल जाते आहे आणि माझ्यातून निघते आहे, असं. दया नंतर आली. घरी आल्यावर, हात धुताना. त्या अंगणात मला दया आली नव्हती.

थांबवलं काशीनाथने. ज्याचं सगळं गेलं होतं त्याने. तो जनाच्या अंगावर आडवा पडला, दोन फटके त्याच्या पाठीत बसले, आणि तो ओरडला, "सोडा. मरंल तो. मासं काय परत येनार हाय?" मग सगळे एकदम थांबले, आणि कुणाला कुणाकडे बघवेना. दिगूशेठने नळावर पाय धुतले.

जनाला पनवेलला नेलं. डाव्या कानाचा पडदा फाटला होता, तीन बरगड्या आणि उजव्या हाताची चार बोटं मोडली होती. पोलिसांकडे कुणी गेलं नाही. दवाखान्यात त्याने सांगितलं की उतारावरून पडलो. कानाचं मला तेव्हाच कळलं होतं. त्या बाजूला फटका माझा होता. मी त्याला भेटायला गेले नाही. दिगूशेठजवळ त्याच्या बायकोसाठी निरोप दिला, काळजी घ्या म्हणून. हा निरोप मी दिला, हे लिहितानाही मला लाज वाटते.

कागद मी घरी आणून गॅसवर जाळला. दुसऱ्या दिवशी फार्मवर नवा लावला. सातवी, अर्धा डबा. दिगूशेठला म्हणाले, थंडीचं माप वेगळं असतं. त्याने मान हलवली. पुढच्या वर्षभरात नमुन्यांतले आकडे उतरले, अगदी पुस्तकात लिहिलेलं असतं तसे. काशीनाथ तोवर तलाव सोडून गेला होता. तो कुठे गेला ते मला माहीत नाही, आणि मी विचारलंही नाही. तलाव मात्र हळूहळू निवळला. मी त्या फार्मचे आलेख काढले, शेतकऱ्यांच्या मेळाव्यांत दाखवले. सुरुवातीच्या अपयशाबद्दल कुणी विचारलं की माझं उत्तर तयार असायचं — कामगारांच्या पातळीवर मिश्रणात चूक झाली होती, त्यांना प्रशिक्षण देणं फार महत्त्वाचं आहे. लोक लिहून घ्यायचे.

माझ्या वतीने बोलता येईल असं काही नाही का? आहे की. पुरुषांच्या धंद्यात एकटी बाई, एक चूक झाली की बाईला डुकरांतलं काय कळतं म्हणायला सगळे टपलेले. खरं आहे ते. पण जनाने मला तसं कधी म्हटलं नव्हतं. मला मॅडम मानणारा, मी सांगितलेलं शब्दन् शब्द करणारा तिथे तो एकच होता, आणि हात मी त्याच्यावर उचलला. ज्यांना घाबरत होते त्यांच्यावर नाही.

आता शेवटचं राहिलं. हे जुनं नाही, गेल्या महिन्यातलं आहे.

मी पनवेलला एसटी स्टँडच्या बाहेर रिक्षाची वाट बघत होते. हातात भाजीची पिशवी. कुणीतरी मागून मॅडम म्हणालं. केस पांढरे झालेले, अंग वाळलेलं, एका सोसायटीच्या वॉचमनचा गणवेश. मी ओळखलं नाही. मग त्याने मी काय म्हणते ते ऐकायला उजवा कान माझ्याकडे केला, आणि मी ओळखलं. उजव्या हाताची बोटं आत वळलेली होती. पळून जावं असं वाटलं, पण रिक्षा नव्हती. मला वाटलं, आता बोलेल. आता सगळ्यांसमोर बोलेल. आणि — देवाशपथ सांगते — मला क्षणभर बरं वाटलं की कुणीतरी बोलणार आहे.

"मॅडम, लई वरसांचा एक बोलाचा व्हता," तो म्हणाला. खाली बघत होता. "तवा माजीच चूक झाली आसल. मी लई इचार केला. दोन डबं म्हून तीन पडलं आसतील, कवा रेघ चुकली आसल. तुमी शिकलेल्या, तुमचा कागद चुकाचा नाय. काशीनाथदादाचं मासं माज्या हातानं मेलं. तुमाला त्या दिवशी सगल्यांम्होरं खाली बगाया लागला, ता माज्यामुलं. माफ करा."

स्टँडवर गर्दी होती. कंडक्टर गावांची नावं पुकारत होते. माझ्याकडे एक वाक्य होतं, तेच, ज्याने मी हे लिहायला सुरुवात केली. त्याचा उजवा कान माझ्यापासून हातभर अंतरावर होता. हळू बोलले असते तरी ऐकू गेलं असतं.

मी म्हणाले, "जाऊ दे, जना. चूक माणसाकडूनच होते. मी ते कधीच विसरले."

त्याने नमस्काराला हात वर आणले. उजवा पंजा उघडत नव्हता, म्हणून ते नीट जुळले नाहीत, तरी त्याने ते कपाळाला लावले. मग त्याने वर पाहिलं. त्याच्या मनावरचं ओझं उतरलं होतं. मला ते त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं.